पत्रिकेवरची शाई बोटाला का लागते?
छपाईविषयी वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

गेल्या अंकात छपाईविषयी प्रश्न मागवले होते. पत्रं पावसाळ्यातली असल्यामुळे बरीचशी न वाळलेल्या शाईबद्दलचीच आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. छपाईचे दर विचारणाऱ्यांना मात्र उत्तर दिलेलं नाही. मुंबईच्या बोराबाजारातल्या छपाईच्या दोन शेजारच्या दुकानांत ते जुळत नाहीत, तर छापील पानावर कुठून जुळणार?

मुलीच्या लग्नाच्या पत्रिका सोनेरी झाकेच्या जाड कागदावर ऑफसेटने छापून घेतल्या. चार दिवस झाले तरी अक्षरांवरून बोट फिरवलं की शाई बोटाला लागते. प्रेसवाले म्हणतात, पावसाची हवा आहे, वाळेल. खरंच वाळेल का? पाकिटांत भरायला घेऊ का? (एक वाचक, गिरगाव)

पाकिटांत अजिबात भरू नका. पत्रिका वाळतील, पण त्यासाठी थोडं काम करावं लागेल. आणि सगळा दोष पावसावर ढकलणंही बरोबर नाही.

ऑफसेटची साधी शाई दोन टप्प्यांत वाळते. आधी तिच्यातलं पातळ तेल कागद शोषून घेतो आणि शाई 'बसते'. मग मागे राहिलेलं जवसासारखं तेल आणि राळ हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतात. साध्या मॅपलिथो कागदावर किंवा आर्ट पेपरवर पहिला टप्पा काही मिनिटांत उरकतो आणि कागद हाताळता येतो. सोनेरी, चंदेरी किंवा मोतिया झाकेच्या कागदावरचा थर बहुतेक वेळा बंद असतो, तेल आत जायला वाटच मिळत नाही. मग सगळी मदार ऑक्सिजनवर. त्यात गठ्ठा मारून ठेवला की आतल्या पत्रिकांना हवाही मिळत नाही. दमट हवेने हे काम आणखी रेंगाळतं. मशीनवरचं पाणी, म्हणजे फाउंटन सोल्युशन, जास्त आम्लधर्मी असेल तर शाईतला ड्रायर, म्हणजे ती लवकर वाळवणारं रसायन, निकामी होतो. त्याचा पीएच साधारण ४.८ ते ५.५ हवा. तो ४ च्या खाली गेला तर कोरड्या हवेतही शाई ओली राहते.

आता करायचं काय, तर पत्रिका वीस-पंचवीसच्या छोट्या थप्प्यांत मोकळ्या करा. एसीची खोली असेल तर 'ड्राय' मोडवर ठेवा, नसेल तर पंख्याखाली. सकाळ-संध्याकाळ थप्प्या हलवून पत्रिकांमध्ये हवा खेळू द्या. दोन-तीन दिवसांनी अंगठा दाबून, जरा पिळून बघा. शाई निघाली नाही तर पाकिटांत भरा. तरीही निघत असेल तर प्रेसला वरून वार्निशचा हात द्यायला सांगता येईल, पण आधी चार-पाच पत्रिकांवर करून बघा. ओल्या शाईवर वार्निश दिलं तर खालची शाई कायमची मऊ राहण्याची भीती असते.

पुढच्या वेळी कागद पसंत केलात की लगेच एक प्रश्न विचारा: 'ह्याच्यावर तुमची शाई वाळते कशी?' शाई शोषली जाऊन वाळते, उडून वाळते, ऑक्सिजनने वाळते, उष्णतेने पक्की होते किंवा यूव्ही दिव्याखाली क्षणात कडक होते. कुठल्या कागदावर, कापडावर, प्लास्टिकवर कुठली छपाई चालेल हे ह्या पाच वाटांवरून ठरतं, मशीनच्या नावावरून नाही. तुमच्या कागदाला निव्वळ ऑक्सिजनवर वाळणारी खास शाई, यूव्ही ऑफसेट, स्क्रीन प्रिंटिंग किंवा फॉइल यांतलं काहीही चाललं असतं. फॉइल देखणं दिसतं, पण तापलेल्या ब्लॉकने दाबल्यावर बारीक जागा भरून जातात. 'द्ध', 'क्ष्म', 'ष्ट्र' अशी जोडाक्षरं असलेली नावं फॉइलमध्ये घ्यायची तर टाइप १४ पॉइंटच्या खाली नको आणि बारीक वळणाचा फॉन्ट तर नकोच.

आमच्या गोविंदा पथकाचे दीडशे टी-शर्ट करायचे आहेत. मरून रंग, छातीवर पांढरं बोधचिन्ह, पाठीवर रंगीत चित्र. गेल्या वर्षीची पांढरी अक्षरं आठवड्यात गुलाबी पडली आणि पाठीवरचं चित्र तडकलं. स्क्रीन प्रिंट, डीटीएफ की सब्लिमेशन? (मंडळाचा कार्यकर्ता, घाटकोपर)

अक्षरं गुलाबी पडली ती शाई खराब होती म्हणून नाही. तुमचं कापड पॉलिएस्टर किंवा पॉलिएस्टर मिसळलेलं असणार. पॉलिएस्टरचा रंग डिस्पर्स डायचा असतो. तो तापला की वायू होऊन धाग्यातून सुटतो आणि वरच्या पांढऱ्या शाईत शिरतो. साधी प्लॅस्टिसॉल शाई पक्की करायला १६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावी लागते, म्हणजे रंग सुटायला आयतं निमंत्रणच. मरून आणि लाल कापडं यात सगळ्यांत वाईट. छापताना पांढरं शुभ्र दिसतं, गुलाबी छटा काही तासांनी किंवा दिवसांनी येते. म्हणून हातात माल घेताना कळतही नाही.

आधी कापड ओळखा. शिवणीतला एक धागा काढून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. मिश्र कापडात राखेत बारीक खडे लागतात. शंभर टक्के सुती निघालं तर छातीच्या पांढऱ्या चिन्हासाठी प्लॅस्टिसॉल स्क्रीन प्रिंटच घ्या. दीडशे नगांत एका रंगाला एकच स्क्रीन लागते, त्यामुळे ते स्वस्तही पडतं. पांढऱ्यासाठी स्क्रीनला ४३ टीची जाळी लागते, म्हणजे सेंटिमीटरला ४३ धागे. एक हात मारायचा, फ्लॅश हीटरखाली वरवर सुकवायचा आणि त्यावर दुसरा हात मारायचा. एकाच हातात जाड शाई ओढली तर पृष्ठभाग खडबडीत होतो आणि गडद कापड खालून डोकावतं. कापड मिश्र असेल तर 'लो-ब्लीड' पांढरी शाई मागा आणि ती कमी तापमानाला पक्की होणारी आहे का ते डब्यावर वाचा. काही कारखान्यांत पांढऱ्याखाली आधी करड्या ब्लॉकर शाईचा थर देतात. तोही उपाय चांगला.

चित्र तडकलं ते अर्धवट पक्क्या शाईमुळे. हीट गनने वरचा थर सुकतो, आतला कच्चाच राहतो. शाईचा पूर्ण थर तापायला हवा. माल घेताना एक टी-शर्ट मागून घ्या आणि छपाई दोन्ही हातांनी ताणा. शाई कापडाबरोबर ताणली जाऊन परत आली तर ठीक, भेगा पडल्या तर पुन्हा तापवायला लावा. 'खादी' म्हणून जी पांढरी पाण्याची पेस्ट मारतात ती स्वस्त असते आणि झाकतेही छान, पण नीट तापवली नाही तर दहीहंडीच्या पाण्याच्या फवाऱ्यात आणि घामात पहिली तीच सुटते.

पाठीवरच्या बहुरंगी चित्राला डीटीएफ (डायरेक्ट-टू-फिल्म) घ्या. त्यात चित्र फिल्मवर उलटं छापतात, वर पांढरी शाई येते, त्यावर गरम झाल्यावर चिकटणारी पावडर पेरून वितळवतात आणि मग कापडावर साधारण १५० ते १६० अंशांना दहा-पंधरा सेकंद दाबतात. फिल्म गरम असताना ओढायची की थंड झाल्यावर, ते फिल्मच्या जातीवर ठरतं. थंड ओढायची फिल्म घाईत ओढली की कडा उठतात. फिल्म काढल्यावर वर बटर पेपर ठेवून पुन्हा काही सेकंद दाबलंत तर चकाकी कमी होते आणि पकड वाढते. कापड मिश्र असेल तर मरूनचा त्रास इथेही होतो, त्याला 'अँटी-सब्लिमेशन' म्हणजे काळ्या थराची पावडर मिळते. आणखी एक, अख्ख्या पाठीभर सलग चौकोन छापू नका. डीटीएफचा पातळ थर हवा अडवतो. ऑगस्टच्या दमट दुपारी चौथ्या थरावर उभ्या असलेल्या पोराच्या पाठीवर प्लास्टिकचा कागद चिकटवल्यासारखंच ते होईल. चित्रात मोकळ्या जागा सोडायला सांगा.

सब्लिमेशन तुमच्यासाठी नाही. त्यातली शाई पॉलिएस्टरच्या धाग्यातच मुरते, तिला पांढरा रंग नसतो, म्हणून कापड पांढरं किंवा फिकं हवं. पांढऱ्या ड्राय-फिटवर मात्र तिला तोड नाही: हाताला थर लागत नाही आणि तडकायला काही उरतच नाही.

टी-शर्ट मिळाल्यावर पहिली धुलाई एक दिवस थांबून, उलटा करून, थंड पाण्यात.

उठावदार छपाईचं लेटरहेड करून घेतलं. आमच्या ऑफिसच्या लेझर प्रिंटरमधून पत्र काढलं की नाव पसरतं आणि पुढच्या कोऱ्या कागदांवरही डाग येतात. (सल्लागार फर्म, अंधेरी)

तुमची उठावदार छपाई थर्मोग्राफीची आहे. ओल्या शाईवर राळेची पावडर टाकून ती वितळवली की अक्षरं फुगतात. लेझर प्रिंटरचा फ्यूजर, म्हणजे तापणारा रोलर, टोनर वितळवायला साधारण १८० ते २०० अंश तापतो. तुमची राळ तिथे पुन्हा वितळते आणि रोलरला चिकटते. हे कागद लेझरमध्ये आता घालूच नका, रोलर खराब झाला तर खर्च लेटरहेडपेक्षा जास्त येईल. इंकजेटवर चालतील. पुढचं लेटरहेड साध्या ऑफसेटवर, 'लेझरमध्ये जाणार आहे' असं आधी सांगून करून घ्या आणि छापल्यावर आठवडाभर वाळू द्या. नाव उठावदारच हवं असेल तर बिनशाईचं एम्बॉसिंग घ्या, त्याला उष्णतेचं भय नाही. सोनेरी-चंदेरी मेटॅलिक शाईही लेझरच्या कागदावर टाळलेली बरी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे दिले. त्यांवर 'शुभेच्छा' आणि सोसायटीचं नाव छापलं होतं. नखाने खरवडलं तरी अक्षरं निघतात. डबे वाईट की शाई? (महिला मंडळ, डोंबिवली)

दोन्ही चांगली असू शकतात. त्यांचं आपसात जमत नाही, इतकंच. डब्याच्या तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर तो पॉलिप्रॉपिलीन (पीपी). हे प्लास्टिक शाईला धरतच नाही. त्याच्या पृष्ठभागाची ऊर्जा कमी असते, त्यामुळे शाई त्यावर पसरत नाही, नुसती बसून राहते. परीक्षा सोपी आहे: पाण्याचा थेंब टाका. तो गोल गोळी होऊन बसला तर शाईचंही तेच होणार. कारखान्यात हे डाइन पेनने मोजतात, ३८ डाइनच्या पुढे आकडा गेला तर छपाई टिकते.

उपाय छापण्याआधी करायचा असतो. डब्यावरून निळी ज्योत झरझर फिरवतात, एका जागी सेकंदभरसुद्धा थांबत नाहीत. पृष्ठभाग बदलतो, पण तो परिणाम हळूहळू ओसरतो, म्हणून त्याच दिवशी छापायचं. पीपीसाठीची खास स्क्रीन शाई किंवा पीपी प्रायमरही मिळतो. पीव्हीसीसाठीची शाई स्वस्त आणि हाताशी असते, म्हणून बऱ्याचदा तीच मारून मोकळे होतात. पुढच्या वर्षी छापून आलेल्या पहिल्या डब्यावर सेलोटेप घट्ट चिकटवून झटक्यात ओढा. टेपवर अक्षरं आली तर बाकीचे छापू देऊ नका. स्टीलचे डबे देणार असाल तर शाईच्या नादी लागूच नका, लेझरने कोरून घ्या.

तीन प्रतींचं बिलबुक केलं. वरची प्रत ठीक, तिसरीवर काहीच वाचता येत नाही. आणि एका पुस्तकात तर दुसरीवरही उमटत नाही. (हार्डवेअर दुकानदार, भांडुप)

ज्या पुस्तकात दुसरीवरही उमटत नाही, तिथे कागद उलटे किंवा चुकीच्या क्रमाने लागले आहेत. कार्बनलेस कागद तीन जातींचा असतो. वरचा सीबी, त्याच्या फक्त पाठीवर शाईच्या सूक्ष्म गोळ्यांचा थर असतो. मधला सीएफबी, त्याच्या पुढच्या बाजूला ती शाई रंगवणारा थर आणि पाठीवर पुन्हा गोळ्या. शेवटचा सीएफ, फक्त पुढे थर. दाबाने गोळ्या फुटतात, खालच्या थराशी मिळतात आणि अक्षर उमटतं. एखादं पान उलटं लागलं की साखळी तुटते. बघायचं असेल तर कोऱ्या संचावर नखाने रेघ ओढा.

तिसऱ्या प्रतीची तक्रार बहुतेकदा वेगळी असते. जेल पेनने लिहू नका, टोकदार बॉलपेन वापरा. हातातला संच सोडून खालच्या पानांत जाड पुठ्ठा सरकवा, तो नसेल तर जोर खालच्या मऊ पानांत जिरतो आणि पुढच्या बिलांवरही खुणा उमटतात. कागद जुना, ओल लागलेला असेल तरी उमट फिकी येते. कटिंग मशीनचा दाब फार असेल तर कडेला आपोआप निळे पट्टे येतात, तो बाइंडरचा हलगर्जीपणा.

जीएसटीत मालाच्या पुरवठ्याला तीन प्रती लागतात: ग्राहकाची मूळ, वाहतूकदाराची दुसरी, तुमची तिसरी. म्हणजे जपून ठेवायची तीच नेमकी सगळ्यांत फिकी. म्हणून ती पीव्हीसीच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. त्या प्लास्टिकमधली तेलकट द्रव्यं कार्बनलेस अक्षरं खातात. साध्या कागदी फायलीत, उजेडापासून लांब ठेवा. थर्मल पावत्यांची तर आधी झेरॉक्सच काढा.

आमचा बचत गट दिवाळीला बेसनाचे लाडू आणि चकल्या विकतो. यंदा छापील खोके करायचे आहेत. दुकानदाराने डुप्लेक्स बोर्ड सुचवला. शाई खाण्याला चालते का? (बचत गट, लालबाग)

खाण्याला कुठलीच छपाईची शाई 'चालत' नाही. ती खाण्यापर्यंत पोचू द्यायची नाही, एवढाच नियम. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळायला एफएसएसएआयच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई आहे ती त्याचसाठी. खाद्यवेष्टनावरच्या शाईला आयएस १५४९५ हे मानक लागू आहे. छापणाऱ्याकडे शाईच्या कंपनीचं तसं पत्र मागा. पत्र नसेल तर दुसरा छापणारा शोधा.

खोक्याच्या आत छापलंच नाही म्हणजे निश्चिंत, असं मात्र नाही. छापलेले ताव एकावर एक रचले की खालच्या तावाची ताजी शाई वरच्या तावाच्या पाठीला टेकते. तीच पाठ पुढे खोक्याची आतली बाजू होते. डाग दिसत नाही, पण तेलं आणि वास तिथे पोचलेले असतात. त्यात साधा करड्या पाठीचा डुप्लेक्स म्हणजे रद्दीचा पुनर्वापर, त्यात जुन्या वर्तमानपत्रांच्या शाईचं खनिज तेलही असतं. लाडवाचं तूप हे सगळं ओढून घेतं. चकलीचं तेलही तसंच.

म्हणून बोर्ड घ्यायचा तो नव्या लगद्याचा एफबीबी. अर्ध्या किलोला २८० ते ३०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) पुरतो. शाई लो-मायग्रेशन, म्हणजे पदार्थाकडे कमी सरकणारी, सांगा, वर पाण्यावर आधारलेलं कोटिंग सांगा. आणि काहीही झालं तरी पदार्थ थेट पुठ्ठ्याला लागू देऊ नका: आत खाद्यदर्जाची पिशवी, लाडवांच्या थरांमध्ये बटर पेपर. चकलीला पिशवी बंद सील केलेली हवी, नुसता बटर पेपर तिला सादळण्यापासून वाचवत नाही.

वासाची घरगुती चाचणी करून बघा. छापलेल्या खोक्याचे तुकडे काचेच्या बरणीत टाका, वर वाटीत मिल्क चॉकलेटचे तुकडे ठेवा, त्यांना पुठ्ठा लागू देऊ नका. झाकण लावून २४ तास ठेवा आणि तेच चॉकलेट कोऱ्या बरणीतल्या चॉकलेटशी चव घेऊन ताडून बघा. शाईचा वास चॉकलेट पटकन पकडतं. फरक जाणवला तर खोके आणखी आठवडाभर उघडे वाळवा. त्यासाठी ऑर्डर दिवाळीच्या महिनाभर आधी द्यावी लागेल. एफएसएसएआय क्रमांक, हिरवं शाकाहारी चिन्ह, घटक आणि वजन आधीच डिझाइनमध्ये घाला. तारखेची जागा कोरी आणि बिनकोटिंगची सोडा, नाहीतर रबरी शिक्का तिथे पुसला जातो.

दुकानाचा बोर्ड दीड वर्षात निळा पडला. लाल आणि पिवळा कुठे गेले? (वाचक, दादर)

उन्हाने नेले. चार रंगांच्या छपाईत पिवळा आणि मॅजेंटा (गुलाबीसर लाल) आधी उडतात, सायन (निळा) आणि काळा टिकाऊ असतात. म्हणून मुंबईतला प्रत्येक जुना फ्लेक्स शेवटी निळाच दिसतो. नवा बोर्ड फ्लेक्सवर करू नका. एसीपी (अॅल्युमिनियमच्या) पत्र्यावर चांगल्या प्रतीचं व्हिनाइल, त्यावर इको-सॉल्व्हंट छपाई आणि वर यूव्ही अडवणारं लॅमिनेशन घ्या. छापल्यावर किमान २४ तास, पावसाळ्यात ४८, सॉल्व्हंट उडून जाऊ द्यायलाच हवं. ते आत कोंडून वर लॅमिनेशन केलं तर व्हिनाइल मऊ पडतं, आकसतं आणि कडा गुंडाळतात. दोष मग डिंकाच्या माथी मारला जातो. नुसतं नावच असेल तर छापूच नका. रंगीत व्हिनाइल कापून किंवा अॅक्रिलिकची अक्षरं लावा, त्यात रंग पदार्थातच असतो. आणि अक्षरं बदलताच आहात तर दुकानं-आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे मराठी देवनागरी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको, हेही मोजून घ्या.

घरच्या इंक टँक प्रिंटरवर काळी अक्षरं पाणी पडलं तरी टिकतात, रंगीत आकृत्या मात्र वाहून जातात. शाई बनावट आहे का? (पालक, ठाणे)

नाही. अशा बऱ्याच प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत डायची असते. पिगमेंट म्हणजे न विरघळणारे कण, डाय पाण्यात विरघळलेला. शाळेच्या प्रकल्पाला प्लास्टिकचं कव्हर घाला. फोटो चकचकीत कागदावर काढताना प्रिंटरमध्ये कागदाचा प्रकार 'ग्लॉसी' निवडा, नाहीतर पिगमेंट काळी वर तरंगत राहते आणि बोटाला लागते. आठवड्यातून एकदा रंगीत पान काढा, म्हणजे नोझल सुकणार नाहीत.

कवितासंग्रह काढायचा आहे, १६० पानं, ३०० प्रती. डिजिटल की ऑफसेट? मागच्या पुस्तकाची पानं पावसात फुगून लाटा आल्या होत्या. (वाचक, बोरिवली)

३०० प्रती म्हणजे नेमकी कुंपणावरची संख्या. दोन्हीचा दर मागवा. ऑफसेटला प्लेटांचा आणि मशीन लावण्याचा खर्च आधीच बसतो, पुढे प्रत स्वस्त होते. डिजिटलला प्रत प्रत सारखीच पडते. सगळ्या प्रती खपतील अशी खात्री नसेल तर डिजिटलवर शंभर काढा, पुन्हा शंभर काढा. कवितासंग्रहाच्या बाबतीत हा सल्ला कठोर वाटेल, पण माळ्यावर पडलेले गठ्ठे त्याहून कठोर असतात.

ऑफसेटचा कागदाचा हिशेब स्वतः करून ठेवा. डेमी १/८ आकारात २३ × ३६ इंचाच्या एका तावातून ३२ पानं निघतात. १६० पानांना पाच ताव, ३०० प्रतींना १५०० ताव, म्हणजे तीन रीम आणि वर वाया जाणारे. रीमचं वजन काढायचं सूत्र: लांबी इंचात × रुंदी इंचात × जीएसएम, भागिले ३१००. ७० जीएसएमचा रीम १८.७ किलो भरतो. कागद मोजून घेण्याऐवजी तोलून घेतलात तर कमी जीएसएमचा माल लगेच लक्षात येतो.

लाटांचं कारण धाग्याची दिशा. कागदाचे तंतू एका दिशेला लागलेले असतात आणि ओल लागली की कागद तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो. तंतू कण्याला समांतर हवेत, मग पान फुगलं तरी बाहेरच्या मोकळ्या कडेकडे पसरतं. ते आडवे पडले तर फुगवटा कण्याजवळ अडकतो आणि लाटा येतात. ओळखायला पानाची एक चिंधी उभी आणि एक आडवी फाडा. सरळ फाटते ती तंतूंची दिशा. मुखपृष्ठ डिजिटल असेल तर घडीच्या जागी आधी क्रीजिंग करायला, म्हणजे रेघ दाबून घ्यायला, सांगा, नाहीतर टोनर तडकून कण्यावर पांढरी रेघ दिसते.

घरात जुनं राजा रविवर्मा छापखान्याचं लक्ष्मीचं चित्र आहे. ते खरं जुनं आहे की अलीकडची नक्कल, हे घरच्या घरी कळेल का? (वाचक, विलेपार्ले)

बऱ्याच अंशी कळेल. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हललेल्या त्या छापखान्यात दगडावरची लिथोग्राफी चालत होती. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि छटा कारागिराने हाताने ठिपके देऊन तयार केलेल्या. दहापट भिंगातून चेहऱ्याचा भाग बघा. ठिपके ओबडधोबड, लहानमोठे, रांगेत न बसणारे दिसले आणि रंग चारांहून जास्त मोजता आले तर लिथो. निळे, गुलाबी, पिवळे, काळे सारख्या अंतरावरचे ठिपके फुलांसारखी गोल नक्षी करत असतील तर ती चार रंगांची ऑफसेट नक्कल. नक्षी नाही आणि नुसता बारीक फवारा दिसत असेल तर इंकजेट. दुसरी खूण कागदाची: अंधारात नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मागच्या बाजूवर मारा. कागद निळसर झळाळला तर त्यात शुभ्रता आणणारी रसायनं आहेत, आणि ती सर्रास वापरात आली विसाव्या शतकाच्या मध्यानंतर.

काही जुन्या प्रतींवर तैलचित्रासारखं वाटावं म्हणून वार्निश आणि कॅनव्हासचा ठसा दिलेला असतो. ते वार्निश आता पिवळं पडलेलं दिसेल. पुसायला जाऊ नका, खालची शाई त्याच्याबरोबर निघते. काच थेट चित्राला टेकू देऊ नका, मध्ये माउंटची पट्टी हवी, कारण जुलैत काचेच्या आत ओल धरली की वार्निश काचेला चिकटतं. फ्रेम बाहेरच्या भिंतीवर लावू नका, मागे दोन्ही खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून सुटी ठेवा. आणि कुणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेट करू नका.